डिझेलचा उजवा कौल

बेल्ह्याचा सोमवारचा बाजार बैलांचा. पण त्या सोमवारी बैलांना कुणी विचारत नव्हतं. गिऱ्हाइकं दात बघता बघता बैलाचं तोंड तसंच सोडून पळाली, टेम्पोवाल्यांनी फाळके उघडे टाकले, भेळवाल्याचा कांदा अर्धा चिरलेला राहिला. सगळी गर्दी मोठ्या लिंबाखाली. तिथं मंडपवाल्याकडून आणलेली नवरदेवाची लाल-सोनेरी खुर्ची, आणि त्या खुर्चीवर एक कुत्रा.

कुत्रा तसा साधाच. तपकिरी रंग, शेपटी अर्धी, पुढच्या एका पायाला मोजा घातल्यासारखा पांढरा पट्टा. गळ्यात झेंडूचा हार, कपाळाला भंडारा. आणि मान उजवीकडे कललेली. सरळ नाहीच. जणू खांद्यावर बसून कुणीतरी त्याच्या कानात काही सांगतंय आणि हा मन लावून ऐकतोय.

"बगा, बगा! ऐकतोय बगा!" एक बाई किंचाळली, आणि पन्नास मोबाईल वर झाले.

खुर्चीशेजारी सावळेराम उभा होता. गेल्या महिन्यापर्यंत हा याच बाजारात बैलांचा दलाल. इथं भाव तोंडानं ठरत नाही. दोघांच्या हातांवर रुमाल टाकायचा आणि खाली बोटं दाबून आकडा सांगायचा. त्या रुमालाखालच्या कामात सावळेरामाचा हात धरणारा तालुक्यात कुणी नव्हता. आता अंगावर पिवळं उपरणं, कपाळावर वीतभर भंडारा, आणि नावापुढं बाबा.

"भक्तहो!" बाबा गरजले. "कुत्र्याला दोन कान. डावा खालच्यांसाठी, उजवा वरच्यासाठी! वरनं सिग्नल आला का मान तिकडं झुकती. तुमच्या मोबाईलची रेंज आळेफाटा सोडला का जाती. ह्याची कदी जात न्हाई. चोवीस तास फुल टावर! कॉस्मिक एनर्जी! बोला, श्वानदेव महाराज की..."

"जय!"

कौल म्हणजे काय, हे इकडं कुणाला शिकवावं लागत नाही. देवाच्या अंगावर ओल्या कळ्या चिकटवायच्या आणि मनातलं विचारायचं. उजवी कळी पडली की होकार, डावी पडली की नकार. विहीर कुठं खणायची, पोरगी कुठं द्यायची, सगळं त्यावर. त्यामुळं हा कुत्रा मानेनं कौल देतो, उजवीकडे कलला तर हो, डोकं झटकलं तर नाही, एवढं सावळेरामानं सांगितल्यावर आणखी कुणाला काही समजावावं लागलं नाही. एकानंच शंका काढली, "उजवं म्हंजी आपलं का कुत्र्याचं?" बाबांनी त्याच्याकडे असं बघितलं की तो बिचारा गुपचूप नारळ आणायला गेला.

समोरच्या पेंड-सरकीच्या दुकानाच्या पायरीवर बसून कंचनबाई हे सगळं बघत होती, आणि आतल्या आत तडफडत होती. कारण श्वानदेव महाराज म्हणजे तिचा डिझेल.

डिझेल आळेफाट्याच्या एका गॅरेजमध्ये ट्रकखाली जन्मला, म्हणून हे नाव. पिल्लू असताना पेंडीच्या टेम्पोत झोपून बेल्ह्याला आला आणि कंचनबाईच्या दुकानाच्या पायरीखाली राहिला. घरातली पहिली पोळी कुत्र्याची, हा तिचा माहेरापासूनचा नेम. सकाळी डब्याचं झाकण वाजवलं की डिझेल बाजाराच्या कुठल्याही टोकाला असो, धावत यायचा. दिवाळीनंतर मात्र त्याचं काहीतरी बिनसलं. मागच्या पायानं उजवा कान खाजवायचा, डोकं फडाफडा झटकायचा, मान वाकडी करून बसायचा. जनावरांच्या डॉक्टरीणबाईंना दाखवू, असं कंचनबाईनं ठरवलंच होतं. पण त्याआधी सावळेरामानं ती वाकडी मान बघितली आणि डिझेलला उचलून लिंबाखाली नेलं. दलालाची नजर! जनावराची खोट दिसली की ती खोट कशी विकायची, हे त्याला आधी सुचतं.

लिंबाखाली दादाभाऊ पुढं झाला. त्याला सरपंच व्हायचं होतं. सावळेरामानं कुत्र्याच्या डोक्यावर पिवळा रुमाल टाकला, "देवाचं तेज सोसायचं न्हाई" म्हणून, आणि आपला हात रुमालाखाली घातला, "एनर्जी धरायला" म्हणून.

"देवा, औंदा सरपंच मीच ना?"

रुमाल उजवीकडे कलला. हो! हलगी वाजली. बाबांनी कुत्र्याच्या कानात बोट फिरवलं आणि निघालेला काळपट चिकट अंगारा दादाभाऊच्या कपाळाला लावला. "येकदम दैवी सुगंध," दादाभाऊ म्हणाला आणि त्यानं श्वास रोखला.

त्यानंतर त्याची चुलत भावजय शीला आली. तीही त्याच जागेसाठी उभी. रुमाल पुन्हा उजवीकडे. पुन्हा हलगी, पुन्हा अंगारा. दोन सरपंच एकमेकांकडे बघत उभे राहिले.

"दोगं कसं काय?" गर्दीतून कुणीतरी म्हणालं.

"देवाची लीला," बाबा म्हणाले, "पयला कौल यंदाचा, दुसरा पुडच्या येळचा. येकदा कौल दिला का परत इचारायचं न्हाई. देवाला दोनदा इचारणं म्हंजी अविश्वास!"

मग जुन्नरच्या वरच्या डोंगरातनं आलेला भागू. तांबड्या बैलाचा कासरा हातात. "देवा, गिऱ्हाईक भाव निम्माच देतंय. बैल माघारी घेऊन जाऊ का?"

रुमालाखाली डोकं एकदम फडाफडा झटकलं गेलं. हार तुटून दोन झेंडू भागूच्या तोंडावर. नाही!

"मग इकू?"

उजवीकडे. हो. गिऱ्हाईक म्हणजे सावळेरामाचा मेव्हणा, तो तिथंच उभा होता, पान चघळत.

कंचनबाईला राहवलं नाही. ती पोळीचा डबा घेऊन गर्दीत घुसली. "सावळ्या, माझा कुत्रा सोड. त्याला दवाखान्यात न्यायचाय."

"काकी, आता ते तुमचं ऱ्हायलं न्हाईत, समद्यांचं झालं. पण मी कोण सांगणार? देवालाच इचारा."

कंचनबाईनं हात जोडले नाहीत. फक्त वाकून म्हणाली, "डिझेल, घरी येतोस ना बाळा?"

रुमालाखाली डोकं इतक्या जोरात झटकलं की रुमालच उडाला. नाही!

गर्दी हळहळली. कंचनबाई डब्याचं झाकण लावून परत निघाली. मागून बाबांची घोषणा ऐकू आली. पुढच्या सोमवारी भव्य कर्णवेध सोहळा! श्वानदेवाच्या उजव्या कानात सोन्याची बाळी! सोनार येणार, महाप्रसाद होणार, आणि त्यानंतर महाराज आळेफाट्याच्या हायवेवर मठात कायमचे विराजमान होणार. "बाळीचे दाते," बाबांनी घसा साफ केला, "आपले फतेचंदशेठ!"

फतेचंदशेठ म्हणजे कंचनबाईचे यजमान.

घरी आल्यावर शेठ काही वेळ पेंडीच्या पोत्यामागं लपले. मग भूक लागली म्हणून बाहेर आले.

"अहो, आपण कांदा खात न्हाई, बटाटा खात न्हाई. सूर्य बुडाल्यावर घास घेत न्हाई, का तर तोंडात चिलट जाईल. अन् तुमी सोन्याची तार घेऊन कुत्र्याच्या दुखऱ्या कानात भोक पाडायला निघालात?"

"अगं, मी इचारलं व्हतं सरकीचा भाव वाढंल का, तर देव हो म्हणला..."

"अन् त्या कोपऱ्यावरच्या पारसनं इचारलं भाव पडंल का, त्याला पण हो म्हणला. तुमी गोदाम भरलं, त्यानं गोदाम रिकामं केलं. आता तुमी दोघं मिळून बसा येका पोत्यावर!"

शेठनी ताट पुढं ओढलं. पण कंचनबाईचंही मन खरं तर चिडण्यात नव्हतं. तो झटकलेला नकार तिला टोचत होता. रोज पोळी घालते ती, आणि डिझेल सगळ्या बाजारासमोर नाही म्हणाला? तिनं मनाला सांगितलं, तू देव मानत नाहीस त्याला. मन म्हणालं, मग वाईट कशाचं वाटतंय?

दुसऱ्या दिवशी दोन व्यापारी दुकानासमोर एका कालवडीचा सौदा करत होते. हातांवर रुमाल. तोंडं गंभीर, पण रुमाल हळूच फुगायचा, एका बोटाएवढा, मग बसायचा. कंचनबाई सरकी मोजता मोजता थांबली. लग्न होऊन आल्यापासून ती पायरीवर बसून हे रुमाल बघत आली होती. कुणाचं कुठलं बोट कधी दाबलं जातं, हे तिला दुकानातून कळायचं. आणि काल, भागूच्या वेळी, तिच्या स्वतःच्या वेळी, डोकं झटकायच्या अगदी आधी, पिवळा रुमाल उजव्या कानाच्या मुळाशी एका बोटाएवढा फुगला होता!

"मेल्या सावळ्या," ती मोठ्यानं म्हणाली. सौदा करणारे दोघे दचकले आणि कालवडीचा भाव आपोआप कमी झाला.

तिनं डॉ. वृषालीला फोन लावला. वृषाली जनावरांच्या दवाखान्यातली डॉक्टर, बाजाराच्या दिवशी लिंबापलीकडे टेबल टाकून बैल तपासायची.

"मॅडम, आपला डिझेल देव झालाय, ते ऐकलं असंल."

"ऐकलंय. मला कौलाला बोलावलं होतं, मी गायीच्या बाळंतपणात होते. काकी, मला फक्त लक्षणं सांगा. देव नंतर बघू."

"मान उजवीकडं. कान खाजवतो. डोकं झटकतो."

"वास येतो?"

"आंबून गेलेल्या इडलीच्या पिठासारखा. भक्त चंदनाचा म्हणतात."

"काही बाहेर येतं?"

"काळपट, मळासारखं. त्यो अंगारा."

"काय म्हणालात?"

"अंगारा. कपाळाला लावतात. दादाभाऊनी दुधातनं घेतला, पद पक्कं व्हावं म्हणून."

वृषालीला एवढा खोकला आला की तिला पाणी प्यावं लागलं. मग म्हणाली, "काकी, ज्या कानात दुखतं, त्या बाजूला कुत्रा मान टाकतो. त्यामुळं होकार रात्रंदिवस चालू. आणि दुखऱ्या कानाच्या मुळाशी दाबलं, की कुत्रा डोकं झटकणारच. तो नकार. दोन्ही बटणं सावळेरामच्या हातात!"

"म्हंजी मला न्हाई म्हणला ते..."

"ते 'आई गं' म्हणत होता, काकी."

कंचनबाईनं पदरानं डोळे पुसले आणि मग त्याच पदरानं दुकानाच्या दारातलं टेबल पुसलं, म्हणजे बघणाऱ्याला टेबलच पुसतेय असं वाटावं.

"कशानं झालं असंल?"

"बघितल्याशिवाय नाही सांगता येणार. पण पाऊस संपला की गवताला कुसळं येतात. कुत्रं गवतात तोंड घालून हिंडतं, कुसळ कानात शिरतं. कुत्र्याचा कान आतून सरळ नसतो. आधी खाली उतरतो, मग आत वळतो, वाकड्या बोळासारखा. आत गेलेलं बाहेर येत नाही, उलट पुढं पुढं सरकतं. मग सूज, मळ, बुरशी, वास. कधी गोचिड्या, कधी बारीक किडे, कधी कानात पाणी राहिलं तरी असंच होतं. तुम्ही तेलबिल नाही ना घातलंत?"

"लसणाचं घालणार व्हते, कोमट करून."

"नका घालू! आतला पडदा फाटलेला असला तर तेल थेट आत जातं, कायमचं बहिरं होतं. कापसाची काडी पण नको, मळ आणखी आत ढकलला जातो. आणि सोमवारी तिथं भोक पाडलं तर... काकी, त्याला माझ्या टेबलावर आणा. मी तिकडं आले तर गर्दी मलाच ओवाळील नाहीतर हाणील."

"आणते," कंचनबाई म्हणाली. "त्येच्याच पायानं आणते."

सोमवार उजाडला. लिंबाला लाईटच्या माळा. सोनार तार तापवून बसलेला. फतेचंदशेठ नवीन टोपी घालून मानकऱ्यांच्या खुर्चीत, पण पायांची बोटं आखडलेली, कारण घरनं निघताना बायको काहीच बोलली नव्हती, आणि ती बोलत नसली की शेठना जास्त भीती वाटायची. दादाभाऊ आणि शीला दोन बाजूंना, दोघांच्या कपाळाला ताजा काळा अंगारा. डिझेल खुर्चीवर, मान आधीपेक्षाही वाकडी, डोळे अर्धे मिटलेले. आठवड्यात त्याचं तोंड सुकलं होतं. लोक म्हणत होते, समाधी लागलीय.

"थांबा!" कंचनबाई डबा घेऊन पुढं आली. "बाळी आमच्या घरातली. मंग येक कौल घ्यायचा मान माझा."

"घ्या की, काकी," बाबांनी उदारपणे रुमाल उचलला.

"रुमाल नको."

"तेज सोसायचं न्हाई तुमास्नी!"

"सोसंल की," दादाभाऊ मधेच म्हणाला, "काकीस्नी चष्मा हाय."

गर्दी हसली. बाबांना रुमाल टाकता येईना. तेवढ्यात कंचनबाई हात जोडून त्यांच्याकडे वळली. "महाराज, तुमचे पाय धरायचे व्हते, पण गुडघ्यानं वाकता येत न्हाई. हातच धरते." आणि तिनं सावळेरामाचे दोन्ही हात धरले. पेंडीची पोती सरकवून सरकवून तयार झालेले हात ते. बाबा सुटायला बघत होते, लोकांना वाटत होतं काकीचा भाव दाटून आलाय.

"डिझेलदेवा," कंचनबाई खणखणीत आवाजात म्हणाली, "तुमाला तिकडं डॉक्टरीणबाईंच्या टेबलावर जायचंय का?"

सगळा बाजार श्वास धरून बघत होता. डिझेलची मान होती तशीच उजवीकडे. आणखी थोडी कलली.

"हो म्हणला! देव दवाखान्यात चालला!" गर्दीतनं आरोळी उठली.

"फेरकौल! फेरकौल घ्या!" बाबा ओरडले.

"देवाला दोनदा इचारणं म्हंजी अविश्वास," कंचनबाई म्हणाली. "तुमीच शिकवलं. का खोटं व्हतं?"

नवरदेवाची खुर्ची चौघांनी उचलली, हलगीवाला पुढं, आणि श्वानदेव महाराजांची पालखी जनावरांच्या डॉक्टरकडे निघाली. हलगीच्या पहिल्याच ठोक्याला डिझेल कळवळला.

"बंद कर ती!" कंचनबाई खेकसली. "कान दुखतोय त्येचा. देवाच्या कानाशी येवढं बडवतात व्हय?"

बाजाराच्या इतिहासात पहिल्यांदाच एक मिरवणूक गुपचूप चालली. सगळे चवड्यांवर. सोनार तार घेऊन मागं मागं.

वृषालीनं आधी मऊ पट्टीनं डिझेलचं तोंड सैल बांधलं. "दुखतं तेव्हा घरचा कुत्रा पण चावतो, त्यात त्याचा राग नसतो." मग वजनाच्या अंदाजानं एक इंजेक्शन. थोड्या वेळात डिझेल आडवा झाला.

"देव झोपला!" एक म्हातारी पुटपुटली.

"झोपू दे, आजी. बऱ्याच दिवसांनी झोपलाय," वृषाली म्हणाली. तिनं दिव्याची नळी कानात हळूच धरली, बराच वेळ बघितलं, आणि मागं वळली. "दादाभाऊ, या. देवाच्या कानात काय आहे, बघा."

दादाभाऊनं एक डोळा मिटून नळीला दुसरा लावला. "बाबो! लाल भडक हाय. अन् पिवळं पिवळं काय ते?"

"भंडारा. रोज कुणीतरी भरत होतं. ओल्या जखमेत चिखल केलाय. त्याच्या मागं बघा, काडीसारखं."

"कुसळ हाय! आपल्या पडीक रानातलं कुसळ!"

शीलानं त्याला ढकलून स्वतः बघितलं, भागूनं बघितलं, शेठनी टोपी काढून बघितलं. मग वृषालीनं लांब बारीक चिमटा आत घातला आणि सावकाश बाहेर काढला. चिमट्याच्या टोकाला कुसळ. बोटाच्या पेरापेक्षा लहान. सगळ्या बाजारानं मान वाकडी करून ते बघितलं, सगळ्यांनी उजवीकडेच.

मग औषधाच्या पाण्यानं कान धुतला. कापसाच्या बोळ्यावर काळपट, चिकट मळ आला. वृषालीनं बोळा वर धरला. "हा मळ, पू आणि बुरशी. ओळखीचा वाटतोय का कुणाला?"

आधी कुणाला कळलं नाही. मग शीलाचा हात हळूच कपाळाकडे गेला. मग दादाभाऊचा. मग एकाच वेळी शंभर-दीडशे हात. जवळच्या हौदावर जी झुंबड उडाली, त्यात दोन बैल पाण्यात पडले.

दादाभाऊ मात्र तिथंच उभा. चेहरा पेंडीच्या पोत्यासारखा. "मॅडम... हे दुधातनं घेतलं तर?"

"कुणी घेतलं?"

"असंच. इचारतोय."

"किती घेतलं?"

"बाबा देतील तितकं," दादाभाऊ म्हणाला आणि लिंबाच्या मागं पळाला. तिकडून जो आवाज आला, तो त्याच्या कुठल्याही प्रचारसभेत आला नव्हता.

सावळेरामानं एवढ्यात घसा सावरला होता. "भक्तहो! घात झाला! डॉक्टरनं देवाचा अँटेना उपटला! आता सिग्नल कुठनं येणार? ते कुसळ साधं न्हवं, स्वर्गातनं आलेलं..."

आणि गंमत म्हणजे लोक थबकले. कपाळ धुतलेली एक म्हातारी पुढं येऊन वृषालीला म्हणाली, "बाई, ते कुसळ माझ्या देव्हाऱ्यात द्या की. हळद-कुंकू वाहीन."

वृषालीनं कपाळाला हात लावला. पण कंचनबाई शांतपणे पुढं आली, चिमट्यातलं कुसळ बोटांत घेतलं आणि सावळेरामासमोर धरलं.

"खरं हाय महाराजांचं. ताकद कुसळातच हाय. कुत्रा तर मुका, त्याला नीट बोलता येत न्हाई. मंग आपण असं करू. हे कुसळ तुमच्या उजव्या कानात घालू. चांगलं आतपर्यंत. वर भंडारा भरू. आठवडाभर ठेवू, अन् पुढच्या सोमवारी रुमालाखालनं कानाच्या मुळाशी बोट दाबून तुमचाच कौल लावू."

"रुमाल म्या धरतो," भागू म्हणाला. "अन् बोट पन."

सावळेरामाचे दोन्ही हात आपोआप कानांवर गेले. आणि बस, तेवढंच पुरलं. बाजारातल्या प्रत्येक माणसानं आयुष्यभर रुमालाखालची बोटं बघितली होती. पिवळ्या रुमालाखाली काय चाललं होतं, हे एका झटक्यात सगळ्यांना दिसलं. आधी एक हसला, मग दहा, मग सगळा बाजार. बाबांचा मेव्हणा पान थुंकून निघायला लागला, तर भागू त्याच्यापुढं जाऊन उभा राहिला. नुसता हात पुढं केला. मेव्हण्यानं गेल्या सोमवारी निम्म्या भावात घेतलेल्या, आज विकायला आणलेल्या तांबड्या बैलाचा कासरा त्या हातात ठेवला. पोलिसांत कुणी फोन केला ते कळलं नाही. फतेचंदशेठ मात्र त्यानंतर फोन खिशात घालताना दिसले.

वृषाली टेबलावर हात टेकून म्हणाली, "तुम्ही देव मानता का नाही, ते मी विचारत नाही. पण एवढं ऐका. जनावराला बोलता येत नाही. कान खाजवून, डोकं झटकून, मान वाकडी करून ते सांगत असतं, मला दुखतंय. डिझेल किती दिवस बोंबलून सांगत होता, आणि आपण त्याला लग्नाच्या तारखा विचारत बसलो. घरातल्या कुत्र्याचे कान आठवड्यातनं एकदा उघडून बघा. लाल आहेत का, वास येतो का. आंघोळ घातली तर कोरडे करा. काही दिसलं तर आणा माझ्याकडं, आपल्या मनानं काही भरू नका. आणि कुणीही चमत्कार दाखवला, तर एकच करा. म्हणा, जरा रुमाल काढा."

म्हातारी विचार करत होती. "अन् रुमाल काडून दिला न्हाई तर?"

"तर आजी, मग कळलंच की."

डिझेल घरी आला, पण पायरीखाली नाही, घरात. रोज कान पुसायचा आणि थेंब घालायचे. डिझेलला मांडीवर धरून बसायचं काम फतेचंदशेठकडे आलं. बाळी सोनाराकडं परत गेली. सरकीचा भाव ना वाढला, ना पडला. दादाभाऊ एकदा तिन्हीसांजेला मागच्या दारानं आला, इकडं तिकडं बघून डिझेलसमोर उकिडवा बसला आणि म्हणाला, "आता कुसळ न्हाई, म्हंजी खरं सांगशील. सरपंच व्हनार का?" डिझेलनं त्याच्या तोंडावर मोठी जांभई दिली. दादाभाऊ बराच वेळ त्या जांभईचा अर्थ लावत होता.

मान आता सरळ झाली होती. पण वृषालीनं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, पडदा शाबूत आहे, तरी त्या कानानं ऐकू येईल का नाही, ते आत्ता नाही सांगता येणार. सूज उतरू दे. तेव्हापासून कंचनबाईनं डब्याचं झाकण वाजवलं नव्हतं. पोळी हातानंच नेऊन घालायची. शेठनी विचारलं, तर म्हणायची, विसरते हल्ली.

एका सकाळी डिझेल दुकानाच्या पायरीवर उन्हात डाव्या कुशीवर झोपला होता. डावा कान फरशीला दाबलेला, उजवा वर. कंचनबाई डबा घेऊन दारात थांबली. शेठ गल्ल्यावरून बघत होते. तिनं झाकण उचललं, थोडा वेळ धरून ठेवलं, आणि हळूच वाजवलं. अगदी हळू.

वरचा कान ताठ झाला. मग डोकं उठलं, सरळ, कुठं कललं नाही, आणि अर्धी शेपटी फरशीवर आपटायला लागली.

"अगं," शेठ गल्ल्यावरून हळूच म्हणाले, "सकाळी सकाळी... हा शुभशकुन का?"

"शकुन कसला डोंबलाचा?" कंचनबाई म्हणाली, आणि पदरानं पुन्हा टेबल पुसायला लागली. "भूक लागलीय त्याला."